पॅकराफ्टसाठी वल्ह्याची लांबी कशी ठरवावी?

प्रश्न
माझी उंची ५ फूट ५ इंच असून नव्या पॅकराफ्टची (घडी करून सॅकमध्ये नेता येणाऱ्या, हवा भरायच्या छोट्या नावेची) बाहेरून रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर भरते. पावसाळा ओसरल्यावर प्रयाग चिखलीच्या खाली, पंचगंगेच्या संथ पाण्यात ती चालवायचा विचार आहे. दुकानदार २३० सेंटिमीटरचे दुपाती वल्हे सुचवतो, तर कयाक चालवणारा मित्र २०० च्या पुढे जाऊच नकोस म्हणतो. नेमके कोणाचे ऐकावे?

प्रतिसाद १
दोघेही आपापल्या नावेपुरते बरोबर सांगत आहेत. खळाळत्या पाण्यातली कयाक अरुंद असते, म्हणून तिला आखूड वल्हे पुरते. पॅकराफ्टचे फुगे जाड आणि बैठक खोलगट, त्यामुळे तेच वल्हे घेतले की बोटांची पेरे फुग्यावर घासतात. मात्र लांबी वाढवली की पाते नावेपासून दूर पडते, आणि पॅकराफ्ट मुळातच आखूड व सपाट तळाची असल्याने प्रत्येक वल्ह्यासरशी तिचे नाक डावी-उजवीकडे फिरत राहते. आपल्या मापाला मी २१० घेईन.

खरेदीपूर्वी २१० सेंटिमीटरचा सरळ कळक घेऊन दोन्ही टोकांपासून अर्ध्या मीटरवर खडूची खूण करा. पात्याची लांबी साधारण तेवढीच असते. फुगवलेली नाव ओट्याच्या कडेला लावून तीत बसा आणि कळक बाजूने खाली सोडा. जिथे पाणी लागेल त्या पातळीपर्यंत खूण उतरली आणि हात फुग्याला लागला नाही, तर लांबी जमली.

प्रतिसाद २
खूण उतरते की नाही, हे एकूण उंचीपेक्षा कमरेवरच्या उंचीवर आणि बैठकीतल्या हवेवर जास्त अवलंबून असते, तेव्हा बैठक नेहमीइतकीच फुगवून पाहावी. वल्हे उभे न धरता आडवे धरून निवांत चालवणाऱ्यास २२० सुद्धा सोयीचे वाटते. खांद्याला त्रास कमी होतो. दांड्याच्या जोडावर लांबी दहा-पंधरा सेंटिमीटर कमी-जास्त करता येणारी वल्हीही मिळतात, आणि ठरत नसेल तर थोडे जास्त पैसे तिथेच घालावेत. सॅकमध्ये न्यायचे असल्यास चार तुकड्यांचेच घ्या.

प्रतिसाद ३
२३० नकोच, एवढे नक्की. एक अवांतर: आपल्याकडच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांवरून पाणी पडत असेल, तर खालच्या उलट्या भोवऱ्यात कोणत्याही लांबीचे वल्हे उपयोगी पडत नाही. तिथे अलीकडेच काठाला लागून नाव खांद्यावरून पलीकडे न्यावी.