वेपमधून अंगात नक्की किती निकोटिन जातं? धाकट्या भावासाठी मदत हवी आहे

मी कोपरखैरण्याला राहते. धाकटा भाऊ माझ्याकडेच असतो, महाप्याला नोकरीला आहे. आधी रोज अर्धं पाकीट सिगरेट ओढायचा. ती सोडून त्याने वेप, म्हणजे ई-सिगरेट, घेतला तेव्हा आम्हाला हायसं वाटलं होतं. पण आता ते यंत्र त्याच्या हातून सुटत नाही. हायलायटर पेनाएवढं आहे, आंब्याचा वास येतो, रात्री उशीखाली असतं. मी पाणी प्यायला उठले की अंधारात त्याचा निळा दिवा लागलेला दिसतो. सिगरेटसाठी निदान खाली टपरीपर्यंत जावं लागायचं.

खोक्यावर २ मिली आणि ५ टक्के लिहिलंय. म्हणजे मिलीला साधारण ५० मि.ग्रॅ., एकूण १००. एका सिगरेटीत १०-१४ मि.ग्रॅ. असतं असं वाचलं. मग हे एक यंत्र म्हणजे आठ-दहा सिगरेटीच ना? तो म्हणतो, अर्धं तर वाफेबरोबर बाहेरच जातं. खरं आहे का हे?

त्याला आता स्वतःलाच सोडायचंय, म्हणून विचारतेय. निकोटिनची २ मि.ग्रॅ. ची गम आणली, पण तो ती कचाकचा चावतो, वर चहा पितो, उचक्या लागल्या की थुंकतो. डोस कशावरून ठरवतात? कृपया ‘इच्छाशक्ती हवी’ असं लिहू नका. ती त्याच्यात आहे.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. सिगरेटीत १०-१४ मि.ग्रॅ. असलं तरी ओढणाऱ्याच्या अंगात साधारण १ ते १.५ मि.ग्रॅ.च जातं. बाकीचं जळतं, धुरात उडतं, थोटकात राहतं. त्यामुळे १०० भागिले १२ करून काही हाती लागणार नाही. वेपमधलं किती अंगात जातं हे यंत्राच्या ताकदीवर आणि तो किती लांब, किती खोल झुरका घेतो यावर ठरतं.

भावाचं म्हणणं मात्र बरोबर नाही. छातीत ओढलेल्या वाफेतलं बहुतेक निकोटिन आतच राहतं. बाहेर दिसतो तो ढग मुख्यतः वेपच्या द्रवातल्या ग्लायकॉल आणि ग्लिसरिनचा.

खरी मेख वेगात आहे. सिगरेटचं निकोटिन फुप्फुसातून रक्तात उतरून १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, म्हणून सवय इतकी घट्ट बसते. सुरुवातीच्या वेपमध्ये ते इतक्या झटक्यात चढत नसे, आणि जास्त तीव्रतेचं साधं निकोटिन घशाला झोंबायचं. मग बेन्झॉइक आम्ल घालून निकोटिनचा क्षार वापरायला लागले. तो झोंबत नाही, खोल ओढता येतो, आणि रक्तातली पातळी सिगरेटच्या जवळपास चढू शकते. शिवाय सिगरेट विझते, वेप विझत नाही. धुरातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळतं हे खरं, पण व्यसन तिथेच राहतं.

गमचं गणित उलटं आहे. तिचं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून जातं आणि त्यासाठी तोंड किंचित अल्कधर्मी लागतं. आपल्याकडे तंबाखूला चुना लावून मळतात तो याच कारणाने. चहा, कॉफी, सरबत आम्लधर्मी. त्यामुळे गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना काही खायचं-प्यायचं नाही. थोडी चावायची, चरचरलं की गालाशी दाबून ठेवायची, चव गेली की परत चावायची, असं अर्धा तास. भराभर चावली की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. तिथून यकृत त्यातलं बरंचसं मोडून टाकतं, आणि पदरात पडतात त्या उचक्या.

डोस ठरवताना डॉक्टर विचारतील की उठल्यावर पहिला झुरका किती वेळात लागतो. सिगरेटवाल्यांना अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४ मि.ग्रॅ. ची गम देतात. सोबत निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) द्यायचा का, तेही विचारा.

प्रतिसाद २

खोक्यावरच्या ५ टक्क्यांवर फार विसंबू नका. २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण सगळं बंद आहे. चोरून येणाऱ्या मालाचं लेबल कोण तपासणार? तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, १८००-११-२३५६. फोन भावाने स्वतः करावा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच त्याला वाचून दाखवलं. पहिला झुरका तो अंथरुणातच घेतो, म्हणजे २ ची गम कमीच पडत असणार. शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा डॉक्टरकडे नेते. वाशी-सानपाडा भागात कुणाला असं समुपदेशन घेऊन फायदा झाला असेल तर इथे लिहा. संध्याकाळी सातनंतर जाता येईल असं हवंय.