लघवी भरपूर होते, मग किडनी खराब कशी?

गोदाकाठ (गंगाखेड)
आमचे अण्णा, वय 61, शेती करतात. शुगर नाही. बीपीची गोळी लागू आहे, पण डोकं दुखलं तरच घेतात. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन 1.9 आणि हिमोग्लोबिन 9.6. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन थांबू द्या, आधी किडनीचं बघू. अण्णा ऐकायला तयार नाहीत. "मला लघवी धो धो होते. रात्रीतून चारदा उठतो. किडनी बिघडली असती तर झाली असती का?" मलाही उत्तर देता आलं नाही. अंगावर सूज नाही, खाणं व्यवस्थित. कंबर दुखते, पण ती तीस वर्षांपासूनच. रिपोर्ट चुकला असेल का?

लॅबवाली (लातूर)
चुकू शकतो, म्हणून पुन्हा करा. पण लघवीवरून निकाल लावू नका.

किडनीला सगळे चाळणी म्हणतात. मी 19 वर्षं लघवीच्या डब्या हाताळतेय, मला ही उपमा कधीच पटली नाही. घटस्थापनेआधी आपण दसरा काढतो ना, तसं तिचं काम. डबे, भांडी, वाकळा, सगळं घर अंगणात येतं आणि मग लागेल तेवढंच परत आत जातं. एकेका किडनीत साधारण 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे हे काम करणारे बारीक घटक. ते मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून बाहेर काढतात, त्यात मीठ, साखर, पोटॅशियम, युरिया सगळं आलं. रक्तपेशी आणि प्रथिनं तेवढी उंबरठ्याच्या आत राहतात. पुढच्या बारीक नळ्या त्यातलं 178 लिटर परत ओढून घेतात, साखर तर जवळपास सगळीच. उरलेली दीड-दोन लिटर ती लघवी. बाई वर्षातून एकदा दसरा काढते, किडनी रोज काढते.

आता अण्णांचं. किडनी थकायला लागली की पाणी परत ओढायची ताकद कमी होते. रात्री लघवी घट्ट करता येत नाही, पाण्यासारखी होते आणि माणूस उठत राहतो. अण्णा जो पुरावा दाखवतायत तो त्यांच्याच विरुद्ध जाऊ शकतो. (या वयात प्रोस्टेटमुळंही उठावं लागतं, म्हणून सोनोग्राफी करून घ्या.)

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंचा रोजचा कचरा. किडनीचं जवळजवळ निम्मं काम गेलं तरी तो आकडा फारसा हलत नाही. म्हणून सूज नाही, दुखत नाही याला अर्थ नाही. 61 वर्षांच्या पुरुषाला 1.9 म्हणजे इजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा अंदाज) 40 च्या आसपास. तीन महिने तसाच राहिला तर जुना आजार धरतात.

आणि 9.6 सोडून देऊ नका. रक्त हाडांच्या मगजात बनतं, पण "बनवा" हा निरोप किडनीकडून जातो, त्याला एरिथ्रोपोएटिन म्हणतात. निरोपच कमी गेला तर टॉनिकच्या बाटल्या काय करणार? लोहही तपासा, दुसरी कारणं असतात.

कंबरेसाठी काय घेतात, ते लिहिलं नाही तुम्ही.

गोदाकाठ
मेडिकलवरून डायक्लोफेनॅक. फवारणीच्या दिवसांत रोज दोन. चिठ्ठी कुणी मागत नाही.

लॅबवाली
तेच वाटलं होतं. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी आपल्याकडं येणाऱ्या रक्ताची वाट उघडी ठेवायला धडपडते. ही गोळी नेमकी ती धडपड बंद पाडते. म्हणजे उन्हात दिवसभर पंप पाठीवर, पाणी अर्धा तांब्या, वर या दोन गोळ्या. आजच बंद करा आणि कंबरेचं डॉक्टरांना सांगा. लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तरही करून घ्या, 30 च्या आत हवं. उंबरठा झिजलाय का ते त्यातून कळतं.

निसर्गमित्र
एवढं घाबरवू नका. रोज 5 लिटर पाणी आणि दोन शहाळी, किडनी धुऊन निघते. आमच्या आजोबांनी हेच केलं.

लॅबवाली
आजोबांची किडनी चांगली असेल. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता आलं नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात. आधी पोटॅशियम तपासा, मग शहाळं फोडा. पाणी किती प्यायचं तेही डॉक्टरच ठरवतील.

उमरग्याची सून
माझ्या सासऱ्यांचं सांगते. बीपी होतं, त्रास काहीच नाही म्हणून गोळ्या सोडल्या. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, चार-चार तास. महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून खर्चाचं निभावलं, पण पहाटेची एसटी आणि बुडालेला दिवस कुठल्या योजनेत बसतो? प्यायचं पाणी मोजून. मे महिन्यात तांब्या माझ्याकडं असतो आणि ते लहान लेकरासारखे बघत बसतात. अण्णांना म्हणावं, हर्निया थांबेल, बीपीची गोळी रोज घ्या.

गोदाकाठ (चार दिवसांनी)
क्रिएटिनिन परत 1.8. गुणोत्तर 410. बीपी 168/100. कंबरेच्या गोळ्यांचा पुडा मी गोठ्यातल्या दिवळीतून काढला, अण्णा बघत होते, काही बोलले नाहीत. किडनीच्या डॉक्टरांची नांदेडची सोमवारची वेळ मिळालीय. उमरग्याच्या ताईंचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. "तांब्या तिच्याकडं असतो?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं.

लॅबवाली
सोमवारी जाताना तो पुडा सोबत न्या, डॉक्टरांना नाव वाचू द्या. आणि जुने रिपोर्ट शोधा, कुठल्याही तपासणीतलं क्रिएटिनिन चालेल. हे वर्षाचं आहे की पाच वर्षांचं, त्यावरून समजेल.