गुडघ्याचं जमतंय, तळपायाच्या आगीचं काय करू?

वय ६८, परभणी. डावा गुडघा झिजलाय. उठता-बसता कटकट वाजतो, त्याची सवय झाली. पण सहा महिन्यांपासून रात्री तळपायाची नुसती आग. चादरसुद्धा लागू देत नाही. मग शहाबादी फरशीवर पाय टेकवून अंधारात बसते. मालक दचकून उठतात. परवा तर चप्पल निसटली, ते दहा पावलं गेल्यावर कळलं. शुगर १२ वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू. मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणते. गुडघा थांबतो, आग नाही.

> ताई, आग नसांची आहे, सांध्याची नाही. ती गोळी तिथं चालत नाही, अन् रोज घेतली तर किडनीला बाधू शकते. बी-१२, म्हणजे नसांना लागणारं जीवनसत्त्व, तपासलं का? मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं. माझं तसंच निघालं.

> मला डॉक्टरांनी नसांच्या दुखण्याची गोळी, प्रीगाबालिन दिली, रात्रीची. आठवडाभर चक्कर, मोरीत भिंत धरून जायचो. डोस कमी करून घेतला, मग जमलं. स्वतःच्या मनानं घेऊ नका. चप्पल निसटलेली कळत नाही हे मला आगीपेक्षा वाईट वाटतं. गरम पाण्यात पाय घालू नका, अनवाणी फिरू नका, रोज आरसा धरून तळवे बघा.

बी-१२ ला रक्त देऊन आले, रिपोर्ट उद्या. आरसा काल धरला. टाचेत बाभळीचा काटा, भोवती लाल झालेलं. कधी मोडला, पत्ता नाही. आत्ता दवाखान्यातच बसलेय.