मदत हवी आहे: शाळेत असताना जेवण टाकलं होतं, मणक्याचं दुखणं त्यामुळे असेल का?

सई_वेंगुर्ला
एक्स-रेत एक मणका पुढून दबलेला दिसतोय. पडले नाही, आपटले नाही. विहिरीवर भरलेली कळशी उचलताना पाठीत कट्कन झालं, तेव्हापासून वाकता येत नाही. डॉक्टरांनी पट्टा आणि गोळ्या दिल्या, बस्स. मी शाळेत जेवण जवळजवळ बंदच केलं होतं. त्याचा संबंध असेल का? घरचे म्हणतात, काहीतरीच तुझं. लवकर सांगा.

रापण
वय? कुठला मणका?

माडाखाली
गादी बदला. फोमवर झोपू नका. माझी पाठ कापसाच्या गादीने सुटली.

सई_वेंगुर्ला
गादीचं कोणी विचारलंय? वय २७. मणका डी १२, म्हणजे छातीच्या मणक्यांतला शेवटचा.

आबा_मालवण
बाय गो, माझ्या आवशीक निर्गुडीच्या पाल्याचो शेक दिललो, कमर मोकळी झाली. आमच्याकडे हाडवैद्य आसा, एका झटक्यात बसवता.

सिंधू_फिजिओ
आबा, शेक ठीक, पण झटका अजिबात नको! दबलेल्या मणक्यावर जोर दिला तर आणखी बिघडेल. सई, जेवण किती काळ बंद होतं? पाळी गेली होती का?

आबा_मालवण
पन्नास वर्षां लोक जातत त्येच्याकडे.

सई_वेंगुर्ला
आठवीपासून बारावीपर्यंत. पाळी दोनेक वर्षं आलीच नाही. हे महत्त्वाचं आहे का? आता वजन ठीक आहे.

सिंधू_फिजिओ
फार महत्त्वाचं. हाडांचा बहुतेक साठा विशीपर्यंत भरतो. त्याच वर्षांत उपासमार झाली, इस्ट्रोजेन (पाळीशी संबंधित, हाडं जपणारं संप्रेरक) घटलं, तर हाड विरळ राहतं. मणक्याचं हाड आतून जाळीदार, त्याला झळ जास्त बसते. वजन परत आलं तरी तूट पूर्ण भरून निघेलच असं नाही. त्यामुळे शंका रास्त आहे. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. तुमच्या वयात टी-स्कोअर (निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी तुलना) नाही, झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना) बघतात. उणे २ किंवा त्याखाली असेल तर वयाच्या मानाने घनता कमी. थायरॉइड, ड जीवनसत्त्वही तपासायला सांगा. पायात बधिरपणा आला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही तर थेट इस्पितळ गाठा.

नाचणी_प्रेमी
रोज नाचणीची आंबील प्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सुकी मांदेली काट्यासकट खा.

रापण
मांदेली सध्या कुठे मिळतेय स्वस्त? आमच्या बाजारात भाव ऐकवत नाही.

सिंधू_फिजिओ
नाचणी चांगलीच, पण मणका दबल्यावर नुसती आंबील पुरत नाही. आणि सई, जेवणाची भीती अजून वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर बोला. तो उपचारच आहे.

सई_वेंगुर्ला
थोडी वाटते. आईला बरोबर घेऊन कोल्हापूरला जाते. डेक्साला उपाशीपोटी जावं लागतं का?

सिंधू_फिजिओ
नाही, जेवून जा. फक्त आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका. जुना एक्स-रे बरोबर ठेवा.