भात-पोळी कमी केली, साखर उतरली, पण एलडीएल चढलं

शेंगदाणा_लाडू: शाकाहारी घर, वय ५५, साखर सीमारेषेवर. भात बंद, पोळ्या दोनच. त्या जागी पनीर, तूप, चीज आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. तीन महिन्यांत साखर सुधारली, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मात्र १२८ वरून १५६. कर्बोदकं कमीच ठेवायची आहेत, मग ताटात घ्यायचं काय?

जवसाची_चटणी: कर्बोदकं काढली ते ठीकच, घोळ आहे तो त्यांच्या जागी काय आलं यात. तुपातली साठेक टक्के चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड), खोबरेल तेलात तर नव्वदीच्या आसपास. अशी चरबी वाढली की यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं. टोरांटोचे आहार-संशोधक डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'इको-अ‍ॅटकिन्स' हा कमी कर्बोदकांचा वनस्पतीजन्य आहार तपासला: कर्बोदकं २६%, प्रथिनं ३१%, चरबी ४३%, भर सोया, ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन), सुकामेवा आणि वनस्पती तेलांवर. चार आठवड्यांत वजन दोन्ही गटांत सारखंच घटलं, पण भरपूर कर्बोदकांच्या शाकाहारी गटापेक्षा एलडीएल सुमारे ८% जास्त उतरलं.

तिखट_मीठ: १८०० कॅलरींच्या २६% म्हणजे दिवसाला साधारण ११५ ग्रॅम कर्बोदकं. ज्वारीच्या प्रत्येकी ४० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांत ५५-६० जातात. कोरडी तूरडाळ ३० ग्रॅम, सोयावडी ५० ग्रॅम (प्रथिनं २६), शेंगदाणे-बदाम मिळून ५० ग्रॅम, बाकी पालेभाजी, दुधी, कोबी. डाळ वाढवून प्रथिनं भागवू नका, तिच्यात निम्म्याहून जास्त कर्बोदकंच असतात. सोयावडी मिठाच्या पाण्यात ५-७ मिनिटं उकळा, दोनदा गार पाण्यात घट्ट पिळा. हे टाळलं की उग्र वास राहतो आणि दोष सोयाला लागतो!

शेंगदाणा_लाडू: मग खोबरं पूर्ण बंद?

जवसाची_चटणी: नाही. चटणीत शेंगदाणे आणि भाजलेलं जवस मुख्य, खोबरं चमचाभर. फोडणीला शेंगदाणा किंवा मोहरीचं तेल, तेही मोजून.

गोळीची_वेळ: औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर (मधुमेहाची गोळी) असताना कर्बोदकं एकदम कापली की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्यांवर तर साखर फारशी न वाढताही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन आम्लं धोकादायक साठणं, होऊ शकतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरच ठरवतील. आणि लिपिड (कोलेस्टेरॉलची) तपासणी ६-८ आठवड्यांनी पुन्हा, आठवड्याभरात नको.