फेमाचा दावा: लटकत्या फांद्या आणि हाताने भरलेले ट्रेलर नामंजूर. अपील की थेट लवाद?

लेखा_किनारा:
हरिकेननंतर राडारोडा उचलण्याच्या खर्चाबद्दल विचारायचं आहे (फेमा म्हणजे अमेरिकेची केंद्रीय आपत्ती-व्यवस्थापन संस्था; तिची पब्लिक असिस्टन्स ही अनुदान योजना, कॅटेगरी ए म्हणजे राडारोडा उचलणं). दावा एका छोट्या शहराचा आहे. निर्णयपत्रात तीन बाबी नाकारल्या आहेत: लटकत्या फांद्या तोडणं (फोटो आहेत, व्यास लिहिलेला नाही), हाताने भरलेल्या ट्रेलरचं निम्मं घनफळ, आणि फाटक असलेल्या खासगी वसाहतीच्या आतलं काम. वादातली एकूण रक्कम साधारण ६ लाख डॉलर. कुठल्या मुद्द्यात दम आहे? आणि सरळ लवादाकडे गेलं तर चालेल का?

टॉवर_मॉनिटर:
ट्रेलरच्या मुद्द्यात फारसं काही नाही. हाताने भरलेला माल नीट दाबला जात नाही, म्हणून फेमा त्याचं निम्मंच घनफळ धरते; हे धोरणातच आहे. तिकिटावर (प्रत्येक खेपेची नोंद-पावती) ‘हाताने भरलेला’ ही खूण चुकून पडली असेल तरच लढा. त्यासाठी ट्रक सर्टिफिकेशनचे फॉर्म काढा. त्यात खोक्याची आतली मापं, घनयार्डातली क्षमता आणि गाडीचा फोटो असतो. फोटोत गाडीवरच ग्रॅपल (माल उचलणारा यांत्रिक पंजा) बसवलेला दिसला, तर ती खेप हाताने भरली हे पटणारं नाही.

खरा दम फांद्यांमध्ये आहे. निकष असा: तुटलेल्या जागी व्यास २ इंच किंवा जास्त, फांदी अजून झाडातच अडकलेली, आणि तिचा धोका सार्वजनिक रस्त्याला किंवा पदपथाला. तोडण्याआधीच्या फोटोंच्या मूळ फाइल्स मागवा. त्यात वेळ आणि अक्षांश-रेखांश असतील, तर प्रत्येक फोटो तिकीट क्रमांकाशी जुळवता येतो. व्यासासाठी पुष्कळजण आता झाडावरचा काप मोजायला जातात. तिथे फसगत होते, कारण फांदी जवळच्या मुख्य फाट्याशी कापलेली असते आणि तिथे ती तुटीच्या जागेपेक्षा जाड असते. ४ इंचांचा काप म्हणजे ४ इंचांची तूट नव्हे. फोटोत माहीत असलेल्या मापाची वस्तू शेजारी असेल, तर तिच्यावरून वृक्षतज्ज्ञाकडून तुटीचा व्यास काढून घ्या आणि पद्धत लेखी जोडा.

कलम_४२३:
थेट लवाद नाही. निर्णयपत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत पहिलं अपील राज्याकडे द्यावं लागतं. राज्य ते आपल्या शिफारशीसह फेमाकडे पाठवतं. त्याची मुदत त्याच तारखेपासून १२० दिवस. तुमचे ६० दिवस चुकले की मुद्दा कितीही खरा असला तरी अपील फेटाळलं जातं. पहिलं अपील नामंजूर झालं की पुढच्या ६० दिवसांत दोन्हींपैकी एकच वाट धरता येते: फेमाच्या मुख्यालयाकडे दुसरं अपील, नाहीतर सिव्हिलियन बोर्ड ऑफ कॉन्ट्रॅक्ट अपील्स या फेमाबाहेरच्या केंद्रीय न्यायाधिकरणापुढे लवाद. पहिल्या अपिलावर १८० दिवसांत निर्णयच आला नाही, तर ते मागे घेऊनही लवादाकडे जाता येतं.

वरचा सल्ला पाळताना एक सांभाळा. लवादासाठी वादातली रक्कम ५ लाख डॉलरहून जास्त लागते. ट्रेलर सोडून दिलेत आणि रक्कम त्याखाली आली, तर ती वाट बंद होते. शहराची वस्ती २ लाखांहून कमी असेल आणि ते शहरी पट्ट्याबाहेर असेल, तर मर्यादा १ लाख आहे. आधी आकडेमोड करा, मगच मुद्दे गाळा.

लेखा_किनारा:
धन्यवाद, हे लक्षातच आलं नव्हतं. आणि वसाहतीचं काय?

टॉवर_मॉनिटर:
खासगी जागेत शिरण्याआधी सहसा फेमाची लेखी मंजुरी आणि मालकांची प्रवेश-संमती लागते. मंजुरी नव्हती तर आतलं काम वाचणं फार कठीण. पण रहिवाशांनी ढीग फाटकाबाहेर सार्वजनिक रस्त्याच्या कडेला आणून ठेवले असतील, तर ते उचलणं पात्र ठरतं. तिकिटावरचा उचलण्याचा पत्ता पाहून अशा खेपा वेगळ्या काढा. अनेकदा अख्खी वसाहत एकाच नावाने नोंदलेली असते, आणि त्यात बाहेरच्या खेपाही जातात. तशी तिकिटं मॉनिटरच्या (कामावर देखरेख करून नोंदी ठेवणाऱ्याच्या) रोजच्या नोंदवहीशी ताडून बघा.

कलम_४२३:
अपिलाला जोडायच्या तक्त्यात एका ओळीत एकच तिकीट ठेवा: क्रमांक, तारीख, जागा, फोटोचा क्रमांक, व्यास किंवा घनयार्ड, रक्कम, आणि त्या ओळीला लागू होणारा धोरणाचा परिच्छेद. राज्याच्या अधिकाऱ्यांना मसुदा आधीच दाखवा. त्यांची शिफारस अपिलासोबतच जाते, आणि त्यांनी काढलेल्या त्रुटी ६० दिवसांच्या आत भरायला तुमच्या हातात वेळ हवा.