तारप्याचे सॅम्पलिंग: सुटे स्वर की सलग वादन?

प्रश्न (नादखुळा): एका भयपटाच्या पार्श्वसंगीतासाठी पालघर जिल्ह्यातील एका वारली वादकाचा तारपा (भोपळ्याचे फुंकून वाजवायचे वाद्य) ध्वनिमुद्रित करून त्याचे ‘कॉन्टॅक्ट’मध्ये (मुद्रित नमुने, म्हणजे सॅम्पल, कळफलकावरून वाजवू देणारे सॉफ्टवेअर) वाजवता येईल असे वाद्य करण्याचा विचार आहे. प्रत्येक स्वर सुटा घ्यावा की सलग वादन? ४८ किलोहर्ट्‌झचा सॅम्पल रेट (आवाजाची दर सेकंदाला किती वेळा नोंद होते तो आकडा) पुरेसा होईल का?

उत्तर (जुना रेकॉर्डिस्ट): केवळ सुट्या स्वरांवर विसंबू नका. तारपावादक गालांत साठवलेली हवा वाद्यात सोडत असतानाच नाकाने श्वास घेतो, त्यामुळे नाच चालू असेपर्यंत नाद तुटत नाही. सुटा स्वर घेतला की या वादनात एरवी नसलेला आरंभ आणि शेवट प्रत्येक वेळी ऐकू येतो आणि तारपा हार्मोनियमसारखा वाटू लागतो. अर्धा-एक मिनिट लांबीचे सलग तुकडे घ्या, एका स्वरावरून दुसऱ्यावर जातानाचे दुवे वेगळे मुद्रित करा आणि प्रत्येक वेळी नमुना निराळ्या ठिकाणाहून सुरू होईल अशी योजना करा. चार सेकंदांचा लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणे) कानाला लगेच कळतो. एक मायक्रोफोन ताडाच्या पानांच्या भोंग्यासमोर आणि दुसरा भोपळ्याजवळ ठेवल्यास मिश्रणाला वाव राहतो.

उत्तर (ध्वनिरेखा): आवाज संथ करून वापरायचा असेल, तर सॅम्पल रेट ९६ किलोहर्ट्‌झ घ्या. त्यात सॅम्पल रेटच्या निम्म्या, म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झपर्यंतच्या कंप्रता साठू शकतात, त्यामुळे वेग निम्मा करून नाद एक सप्तक खाली आणला तरी वरचा भाग २४ किलोहर्ट्‌झपर्यंत शाबूत राहतो. मात्र २० किलोहर्ट्‌झच्या पुढे मायक्रोफोनच बहिरा असेल, तर हा खटाटोप व्यर्थ आहे. २४ बिटचे स्टिरिओ मुद्रण मिनिटाला सुमारे ३५ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे डिस्कची चिंता नको.

उत्तर (माळरान): वरील दोन्ही उत्तरे तांत्रिकदृष्ट्या योग्य आहेत, पण ऑटोट्यूनने (स्वर आपोआप सुरात आणणारे सॉफ्टवेअर) तारपा पियानोच्या बारा स्वरांत बसवू नका, त्याचे स्वरस्थान जसे आहे तसेच पट्ट्यांवर मांडा आणि पार्श्वसंगीतात व्हायोलिनचा ताफा असेल तर तो त्याच्याशी जुळवून घ्या. दुसरे असे की, हे सुगीच्या आनंदात ज्याच्याभोवती फेर धरतात ते वाद्य आहे. ते भुताच्या प्रसंगाला वापरणार, हे वादकाला मुद्रणापूर्वीच सांगा. नमुने याच चित्रपटापुरते आहेत की पुढे विकायचे आहेत, हेही लेखी ठरवा; विकायचे असल्यास मानधन एकरकमी न देता विक्रीत वाटा द्यावा, असे माझे मत आहे.